परत गेलेला पाट

आमच्या गणपतीच्या शाळेत आलेला पाट परत जात नाही, हे बाबा पाहुण्यांनाही अभिमानाने सांगतात. माणसं घरचा पाट आणून देतात, वर नारळ-सुपारी ठेवतात आणि त्याच पाटावर त्यांचा गणपती घडतो. पाट नाकारणं म्हणजे त्यांच्या गणपतीलाच नाही म्हणणं. माझा भाऊ सुजय मूर्ती करतो, रंगवतो. डोळे मात्र मी आखते. आधी बाबा आखायचे. त्यांचा हात थरथरायला लागला आणि कुंचला माझ्याकडे आला.

त्याबरोबर थोडी अक्कलही यायला हवी होती. मी नियम घालून घेतला, रोज पंधरा गणपतींचे डोळे झालेच पाहिजेत. ताप आला तरी पंधरा, मान आखडली तरी पंधरा. बाबांनी कधी खाडा केला नाही, मग मी कोण लागून गेले? एखाद्या दिवशी बाराच झाले की जेवण गोड लागायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी अठरा करायचे. ते अठरा कसे व्हायचे ते विचारू नका.

चतुर्थीला पंधरवडा असताना शेजारचे भागोजीकाका आपला गणपती बघायला आले. हात जोडले आणि तसेच थबकले.

"मृणाली, गणपती रागावलाय काय गो?"

मी हसत उठले, बघितलं आणि हसू गेलं. भुवया ताणलेल्या, नजर कावलेली. आरशात रोज दिसतं तेच तोंड. बाजूचे गणपतीही तसेच, कालचे सगळेच्या सगळे वैतागलेले. ढोरासारखं राबून मी लोकांच्या घरी हे पाठवणार होते! इतका संताप आला की कुंचला मोडून टाकावासा वाटला. काकांचा राग आला, सुजयचा आला, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला.

नेमका तेव्हाच गावातला अनिल दारात आला. नवं घर बांधलंय, यंदा पहिलाच गणपती. हातात कोरा पाट.

"आण, आण," सुजय म्हणाला. "लहानशी मूर्ती होईल. मृणाली आखेल, तिचं काय, रोजचंच आहे."

"मृणाली आखणार नाही!" मी ओरडले. "माझे हात काय भाड्याने आणलेत?"

अनिल बिचारा ओशाळला. सुजय बाबांकडे वळला. "बाबा, सांगा हिला. पाट कधी परत गेलाय आपल्याकडून?"

बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी अनिलच्या हातातला पाट घेतला. झालं, घेतला! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाबांनी पाट कपाळाला लावला आणि अनिलला परत दिला.

"यंदा दुसरीकडे बघ रे बाबा. पुढल्या वर्षी लवकर आण."

"पण तुम्ही तर एकही परत केला नाहीत," मी म्हटलं.

"नाय केला." त्यांनी थरथरता हात माझ्यापुढे धरला. "म्हणून हा असा झालाय."

हे आधी सांगायला काय झालं होतं, असं ओठांवर आलं होतं. त्या हाताकडे बघून गिळलं. भागोजीकाकांच्या गणपतीच्या डोळ्यांवर मी पुन्हा अंगाचा रंग फिरवला.

"परत कधी आखशील?" काकांनी विचारलं.

"उद्या बसेन. रोज बसेन," मी कुंचला धुता धुता म्हटलं. "किती होतील, ते मात्र कुणी विचारायचं नाही. मीसुद्धा नाही."