तिसऱ्या गिअरचा आवाज

ते एकोणीसशे ब्याऐंशी साल. बाटल्यांचा कारखाना बंद पडला आणि माझे धाकटे दीर घरी बसले. चाळिशी उलटलेली, दुसरं कुठलं काम हाताशी नाही. आशा काय ती एकाच गोष्टीची होती. बेकरीवाल्याने त्यांना शब्द दिला होता, "उन्हाळा संपायच्या आत स्वतःची गाडी घेऊन ये, सकाळच्या पावाची फेरी तुझी."

दिरांनी गाडी आणली ती दोरीने ओढत. एका बंद लाँड्रीच्या मागे वर्षानुवर्षं उभी असलेली व्हॅन. गोल दिवे, फुगीर नाक, माझ्या लग्नाच्याही आधीची. खालचा पत्रा इतका गंजलेला की आत उभं राहिलं तर जमीन दिसायची.

"भावोजी, गाडी आणलीत की चाळण?" मी विचारलं.

"वहिनी, दादा आहे ना! त्याने हात लावला की मेलेलं यंत्रसुद्धा उठून बसतं."

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या ह्यांचा जन्म मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेला होता. आदल्या वर्षी निवृत्त झाले आणि तेव्हापासून माझ्या पायात पायात येत होते. माझे डबे उंचीप्रमाणे लावायचे, चांगला चालणारा नळ खोलून ठेवायचे. व्हॅन आमच्या गॅरेजमध्ये शिरली आणि हे दहा वर्षांनी तरुण झाले.

दोघा भावांनी तळ कापून नवा पत्रा जोडला. तुळईला साखळी बांधून इंजिन वर उचललं. खिळे-स्क्रू ठेवायला माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या गेल्या त्या गेल्याच. दुपारी पाणी द्यायला जावं तर गाडीखालून चार पाय दिसायचे आणि हसणं ऐकू यायचं. लग्न होऊन आल्यापासून दोघांना असं हसताना मी तरी पाहिलं नव्हतं.

पण हळूहळू हसणं कमी झालं. ह्यांना काही पसंतच पडेना. बसवलेलं दार पुन्हा उतरवलं, लावलेला रंग घासून काढला.

"दाराच्या आतला पत्रा कोण बघणार आहे, दादा?"

"मी."

दीर पुन्हा घासायला लागायचे. माझी जाऊ मात्र गप्प बसणारी नव्हती. शिवणाची कामं घेऊन घर चालवत होती ती. एकदा गॅरेजच्या दारात येऊन म्हणाली, "दादा, गाडीला नटवून कुठे पाठवायचंय का? पाव काही तिचा रंग बघून फुगत नाहीत."

हे हसले. पण पान्हा खाली ठेवला नाही.

अखेर उन्हाळा सरत आला तेव्हा गाडी सुरू झाली. आम्ही चौघंही आत बसलो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, मोठ्या रस्त्याला लागलो, परत आलो. दिरांच्या डोळ्यांत पाणी होतं. उतरल्याबरोबर ते बेकरीवाल्याला सांगायला पायीच निघाले. सोमवारपासून फेरी सुरू करतो म्हणून.

हे बॉनेटवर हात ठेवून उभे होते. "तिसऱ्या गिअरला आवाज येतोय," म्हणाले.

"मला नाही आला."

"तुला नाही यायचा."

"आता कशाला हात लावू नका हं," मी बजावलं आणि आत गेले.

दीर परतले तेव्हा गिअरबॉक्स वर्तमानपत्रावर सुटा पडला होता आणि हे रॉकेलच्या घमेल्यात दातेरी चाकं धूत बसले होते. बाजूला एक पितळी कडी पडलेली. काढताना तिचे दोन तुकडे झाले होते.

"मिळेल दुसरी," हे म्हणाले. दिरांकडे बघत नव्हते.

"ही गाडी बनायची थांबून किती वर्षं झाली, दादा?"

"आवाज येत होता रे."

"येऊ दे की! मी पाव पोचवणार होतो, गाणं नव्हतो म्हणणार!"

जाऊ मागेच उभी होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "दादा, गाडी झाली असती तर हे सकाळी निघून गेले असते आणि तुम्ही इथे एकटे उरला असता. एवढंच ना? मग तसं म्हणायचं होतं. रोज येऊन बसले असते तुमच्याजवळ."

ह्यांना घमेल्यातले हात बाहेर काढायचंसुद्धा सुचलं नाही.

भंगारवाल्यांचे सगळे अड्डे पालथे घातले, कडी मिळाली नाही. बेकरीवाल्याने थोडे दिवस वाट पाहिली आणि फेरी दुसऱ्याला दिली. त्याचं तरी काय चुकलं? पाव कोणासाठी थांबत नाहीत.

दीर परगावी गेले. तिथे दुसऱ्याच्या मालकीचा ट्रक चालवला, पाठ धरेपर्यंत. मग एका गोदामावर पहारेकरी झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. जावेने शिवणाचं दुकान टाकलं, ते चांगलं चाललं. अजून तिचा फोन येतो. बोलतो आम्ही, पण त्या उन्हाळ्याबद्दल नाही. बेकरी मुलांच्या भांडणात बंद पडली.

ह्यांनी ती कडी शेवटी लेथवर स्वतः घडवली. गाडी पूर्ण व्हायला आणखी दोन वर्षं लागली. मग एक दिवस मला बसवून थेट दिरांच्या दारात नेली आणि किल्ली पुढे केली. दिरांनी गाडीभोवती चक्कर मारली, एकेक जोड बोटांनी चाचपला. "फार सुरेख झालीय, दादा," म्हणाले. किल्ली घेतली नाही. चहा झाला, आम्ही परत आलो.

पुढे गाडी एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी नेली. हे गेले त्याला आता एकोणीस वर्षं झाली. गॅरेज मी भाड्याने दिलंय. भाडेकरू तिथे खुर्च्या ठेवतो.