उजवा हात तसाच राहू दे

केस धुणारीच्या हातांना खाज सुटली की पार्लरमध्ये कुणाच्या जिभेला हाड राहत नसे. "मनाचं आहे सगळं," मालकीण म्हणायची. घरी सासूचं वेगळंच. "स्वच्छता नाही, दुसरं काय?" दिवसभर शाम्पूत हात बुडालेली बाई अस्वच्छ कशी, ते त्या माउलीलाच ठाऊक!

मग त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नव्या मलमाच्या चाचणीत घेतलं. निळ्या टोपणाची ट्यूब डाव्या हाताला, पांढऱ्या टोपणाची उजव्या. एकीत गांजाच्या झाडातून काढलेला, नशा न आणणारा अर्क. दुसरीत नुसतंच मलम. कशात काय, हे खुद्द डॉक्टरीणबाईंनाही माहीत नव्हतं. अदलाबदल मात्र अजिबात करायची नाही.

तिसऱ्या आठवड्यात डावा हात निवळला. भेगा मिटल्या, लाली गेली, रात्रीची खाजही थांबली. उजवा मात्र तसाच, टोमॅटोसारखा लाल.

"निळी दोन्हीकडे फास की," नवरा म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

"नाही फासणार."

"अगं, नोकरी जाईल!"

खरंच जाणार होती. शनिवारपर्यंत हात बरे दिसले नाहीत तर दुसरी बाई ठेवीन, असं मालकिणीने बजावलं होतं. तोवर रबरी हातमोजे. त्यांनी तर खाज दुप्पट व्हायची.

शनिवारी नेहमीच्या मास्तरीणबाई बेसिनवर मान टेकून बसल्या. मालकीण मागून कुजबुजली, "मोजे घाल. लपव ते."

तिचं डोकंच फिरलं. मोजे बादलीत भिरकावून तिने दोन्ही हात मालकिणीच्या नाकासमोर धरले.

"नीट बघा. पाणी तेच, शाम्पू तोच, बाई तीच. मनही एकच आहे हो मला! मग डावा बरा आणि उजवा असा का? इतकी वर्षं मलाच बोल लावलात. आज पुरावा हातात आहे, तो मी मोज्यात कोंबणार नाही. काढायचं तर काढा कामावरून."

मास्तरीणबाईंनी मान उचलून दोन्ही हात न्याहाळले.

"दुसऱ्याला लागतं का हे?"

"नाही."

"मग डाव्यानेच धुवा. उजव्याला झोंबत असेल." आणि त्यांनी मान परत टेकवली.

एका हाताने वेळ लागला. मालकीण घड्याळाकडे बघत राहिली. आपला लाल उजवा हात केस धुणारीने बेसिनच्या कडेवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा उघडा ठेवला होता. निळ्या ट्यूबचा त्याचा नंबर चाचणी संपल्यावर लागायचा होता.