एकशे बारा अळ्यांची पोच

फुलपाखरं बघण्याचा महोत्सव भरवायचा, ही कल्पना बाग खात्यातल्या आवकबाईंची. आलेलं टपाल आत घ्यायचं, शिक्का मारायचा, पोच द्यायची, हे काम सत्तावीस वर्षं केल्यावर माणसाला दुसरं काय नाव पडणार? अशा बाईला फुलपाखरांचं काय पडलंय, असं सगळं ऑफिस कुजबुजायचं. खरं सांगायचं तर काही पडलं नव्हतं. बाईंना पडली होती दादाची.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. लग्न केलं नाही, बहिणीकडेच राहायचा, शाळेत विज्ञान शिकवायचा. चौदा महिन्यांपूर्वी शाळा बंद ठेवायचा हुकूम निघाला, दोन तासांनी तो मागे घेतला, म्हणून हा बिचारा निघाला, तर अर्ध्या वाटेत पुन्हा बंदचा हुकूम. हा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, मागे वळला, घरी येऊन चपला काढल्या आणि म्हणाला, "नक्की काय ते एकदा ठरू दे, मग मला सांगा." आता ते काही ठरेना आणि हा काही उंबरा ओलांडेना. आधी बाईंना वाटलं, हट्ट आहे. मग एकदा ओढून जिन्यापर्यंत नेला, तर कठडा धरून लटलट कापायला लागला. तेव्हा त्यांना कळलं, हा हट्ट नव्हे. डॉक्टर झाले, शेजारी झाले, रागावून झालं, रडून झालं. शेवटी एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "फुलपाखरांचं वगैरे काही असतं, तर आलो असतो गं एखादवेळेस." लहानपणापासून त्याला तेवढं एकच वेड. झालं! बुडत्याला काडीचा आधार. दुसऱ्या दिवशी बाईंनी महोत्सवाचा प्रस्ताव स्वतःच लिहिला, स्वतःच आवक केला आणि स्वतःलाच पोच दिली.

काळ मोठा विचित्र होता. वर नेमकं कोण बसलंय हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पत्राच्या वरती सगळे लिहायचे, 'सध्या जे कोणी असतील त्यांस, सविनय'. खात्याचे साहेब तर सकाळी आल्या आल्या आपली खुर्ची जागेवर आहे ना ते आधी बघायचे, मग बसायचे. प्रस्तावाला मंजुरी आली, पण अट घालून. एका वेळी पाचापेक्षा जास्त जणांनी जमायचं नाही.

"जणांनी म्हणजे?" साहेबांनी घाम पुसत विचारलं. "माणसांनी की फुलपाखरांनी?"

"तसं काही लिहिलेलं नाही साहेब."

"मग दोन्ही धरा! उगाच कशाला विषाची परीक्षा?"

मग वेळापत्रक तयार झालं. पाच-पाच फुलपाखरांची तुकडी, दर अर्ध्या तासाला एक. बाईंनी ते मुकाट्यानं टाइप केलं. दादा येणार असेल, तर फुलपाखरांकडून हजेरीपत्रकावर सह्या घ्यायचीही त्यांची तयारी होती.

आणि मग साहेबांना बागेची पाहणी करायची हुक्की आली. लिंबाच्या झाडांची पानं जागोजाग कुरतडलेली बघून त्यांनी डोक्याला हातच लावला. "लोक फुलपाखरं बघायला येणार आणि आपण त्यांना ही असली पानं दाखवणार?" माळीबुवांचा स्वाभिमान दुखावला. तीस वर्षांत त्यांना कुणी असं बोललं नव्हतं. त्यांनी दिवसभर खपून एकेक पान उलटंसुलटं केलं आणि झाडांवरच्या झाडून सगळ्या अळ्या वेचून काढल्या. आता हल्ली नियम असा होता, की बागेतून निघालेली वस्तू, मग ती वाळकी काटकी का असेना, परस्पर टाकायची नाही. उद्या कोण येईल आणि काय मागेल, नेम नाही. म्हणून अळ्या मोजून, थोड्या डहाळ्यांसकट खोक्यात भरून रेकॉर्ड रूममध्ये जमा झाल्या. एकशे बारा नग. आवकबाईंनी मान वर न करता पोच फाडून दिली. हसू नका. सत्तावीस वर्षं शिक्के मारले की माणूस कागद बघतो, खोक्यात काय आहे ते बघत नाही.

चार दिवसांनी सकाळी दोन हुकूम एकदमच आले. महोत्सव रद्द, आणि रेकॉर्ड रूम बाराच्या आत रिकामी करा. बाईंनी दोन्हींवर शिक्का मारला. एवढी धडपड केली ती मातीत गेली. आता कुठल्या तोंडानं सांगायचं त्याला? तरी त्यांनी घरी फोन लावला. दादानं उचलला, पण रद्द हा शब्द काही केल्या ओठांवर येईना.

"बाग कशी चकाचक केली होती रे," त्या म्हणाल्या. "लिंबाच्या पानांवर एक अळी म्हणून ठेवली नव्हती."



"ठमे," दादा म्हणाला. तो त्यांना लहानपणापासून ठमीच म्हणायचा. "फुलपाखरं काय आभाळातून पडतात का गं?"

बाईंनी जीभ चावली. हे त्यानंच तर शिकवलं होतं, त्या परकरात असताना!

"मारल्यात?"

"नाही नाही! जमा आहेत. मी पोच दिलीय ना!"

"जाऊन बघ आधी."

रिसीव्हर टेबलावर टाकून बाई पळाल्या. खोक्याच्या झाकणाला बोटभर फट होती आणि आत नुसत्या डहाळ्यांच्या काड्या. अळ्या गायब. मग नजर रॅकवर गेली. फाइलींच्या पाठीवर, नाडीच्या गाठीशी, जिथे तिथे एकेक हिरवट कोष, बारीक धाग्यानं बांधून घेतलेला. आणि रॅकच्या दुसऱ्या टोकाला दोन हमाल, हात लावायच्या तयारीत.

बाई धावत फोनकडे आल्या. "दादा, फाइलींवर कोष आहेत रे, सगळीकडे! आणि हे लोक रॅक उचलतायत!"

"हलवू देऊ नकोस! धागा तुटला तर संपलं सगळं! सांग त्यांना!"

"माझं कोण ऐकतंय इथे!"

फोनमध्ये धाडकन काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि पलीकडून कुणी बोलेना. बाईंनी दोनदा हाक मारली. मग काय, पदर खोचून त्या रॅकसमोर हात पसरून उभ्या राहिल्या.

"बाई, हुकूम आहे," साहेब काकुळतीला आले.

"असेल! माझ्या पोचेवर एकशे बारा नग आहेत. ते मोजून घ्या, मग रॅक हलवा."

पोचेपुढे साहेबांचं काही चालेना. ते चडफडत राहिले, हमाल खाली बसले. वीसेक मिनिटं गेली आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. छातीपर्यंत दाढी, घरातला चुरगळलेला सदरा, एकाच पायात चप्पल, भात्यासारखा श्वास.

"खबरदार कुणी हात लावाल तर!" तो गरजला. "अक्कल गहाण टाकलीत काय सगळ्यांनी? खिडक्या उघडा! पंखा बंद करा आधी!"

असा हुकूम सोडणारा माणूस कोण असणार? साहेब ताडकन उठले. "आपण… वरून आलात का?"

"घरातून आलोय!"

"घरातून," साहेब हमालांच्या कानाशी पुटपुटले. "म्हणजे फारच वरचे दिसतायत." आणि पंखा बंद करायला ते स्वतः धावले.

दादानं कुणाकडे पाहिलं नाही. रॅकला नाक लावून तो एकेक कोष मोजत गेला. अडुसष्टपर्यंत आला आणि थांबला. हळूच त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, मग आपल्या अनवाणी पायाकडे. त्यानं भिंतीचा आधार घेतला. बाईंनी पटकन स्टूल सरकवलं.

"ठमे, मी इथे कसा आलो गं?"

"मोठ्या रस्त्यानं आला असशील. दुसरा रस्ता आहेच कुठे?"

"एकटा?"

"एकटाच की रे," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं. सगळ्या ऑफिससमोर, मोठ्यानं, अगदी लहान पोरीसारखं.

दादानं त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. त्याचा तळवा घामानं भिजला होता. 

"जाताना तू बरोबर चल," शेवटी तो म्हणाला.

"चलते ना."

"उद्या येतानाही."

बाई डोळे पुसायचं विसरून त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"बघतेस काय अशी? अजून आठ-नऊ दिवस तरी लागतील यांना फुटायला. या गाढवांच्या भरवशावर सोडू की काय?"