मधमाश्यांना कुणी सांगायचं?

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर या अख्ख्या खोऱ्यात एक माणूस विश्वास ठेवणार नाही," सायलसचा जुना दोस्त जेथ्रो म्हातारा दगडी गडग्यावर बूड टेकत म्हणाला. "फाटकात ती मढ्याची गाडी उभी आहे ना, तिचं 'हर्स' हे नाव मुळात शेतातल्या कुळवाचं."

थर्झाने ते ऐकलं, पण ऐकल्यासारखं वाटलं नाही. सायलस गेल्यापासून सगळंच तिला पलीकडच्या खोलीत चालल्यासारखं ऐकू येत होतं. हातात घराची किल्ली होती, समोर नवऱ्याच्या मधपेट्या. त्यांना काळ्या चिंध्या टॅबिथाने बांधल्या होत्या. टॅबिथा सायलसची थोरली बहीण. हात रिकामे ठेवणं तिला जमत नसे. पण उरलेलं काम तिच्या हातचं नव्हतं. घरधनी गेला की घरधनिणीनेच किल्लीने पेटी वाजवायची आणि स्वतःच्या तोंडाने माश्यांना सांगायचं, तुमचा मालक मेला. तेही शवपेटी उंबऱ्याबाहेर पडायच्या आत. नाही सांगितलं तर माश्या रुसून उठून जातात, नाहीतर आतल्या आत मरून पडतात. सायलसच्या हातचं जितंजागतं मागे राहिलं होतं ते या माश्या एवढंच.

थर्झाने किल्ली वाजवली होती. तोंडही उघडलं होतं. पुढे काही आलं नाही.

"अगं, दोन शब्दांचं तर काम," टॅबिथा म्हणाली. "पाद्रीबाबा ताटकळलेत. हॅम कापून ठेवलंय, त्याच्या कडा वाळायला लागल्या."

"राहू दे गं तिला जरा," जेथ्रो म्हणाला.

"आणि तू काय करतोयस? शेतकीची शिकवणी?"

"ऐक तर. जुन्या काळी मढ्यावर मेणबत्त्या रोवायला दातेरी चौकट ठेवायचे. दिसायला थेट कुळव. आणि त्या कुळवाला नाव कुणाचं? लांडग्याचं! दात पाहून दिलेलं. म्हणजे आज आपला सायलस लांडग्यावर बसून चाललाय."

"देवा रे! आजच्या दिवशी तरी तोंड आवर."

"त्यानेच सांगितलंय मला."

ते खरं होतं. शब्दांची कुळं शोधायचा नाद सायलसला. हिवाळ्यात मधपेट्यांतल्या चौकटी खरवडता खरवडता तो एकेक काढायचा. जेथ्रो तेच पबमध्ये नेऊन तिखटमीठ लावून वाढायचा. सायलस हसायचा. थर्झा हसत नसे.

"विंडो घे," जेथ्रोचं चालूच. "म्हणजे वाऱ्याचा डोळा. समुद्रापलीकडचे दांडगे इथे लुटायला आले आणि आपल्याला खिडकी देऊन गेले. आणि लेडी कोण? कणीक मळणारी."

"मग लेडी मी," टॅबिथा म्हणाली. "पाद्रीणबाई नव्हे. तिच्याकडे पाव विकतचा."

थर्झा पेटीच्या तोंडाकडे बघत होती. माश्या पायांना पिवळं माखून आत जात होत्या, बाहेर येत होत्या. त्यांना अजून कळलेलं नव्हतं. तिलाही कळलंय असं तिला वाटत नव्हतं. किल्ली हातात आहे की नाही हेसुद्धा खाली बघितल्यावर समजलं.

"हात बधिर झालेत ना, नम्ब?" जेथ्रो हळूच म्हणाला. "नम्ब म्हणजे धरून नेलेलं. कुणीतरी उचलून नेलेलं."

हेही खरं होतं. ते तिच्या आत कुठेतरी जाऊन पडलं. पडल्याचा आवाज आला नाही.

फाटकात घोड्याने खूर आपटला. पाद्रीबाबा खोकले. टॅबिथाने एकदा पेट्यांकडे पाहिलं, एकदा जेथ्रोकडे, आणि या वेळी तिने त्याला गप्प केलं नाही.

जेथ्रो गडग्यावरून उतरला. "आणि हनिमून! हा शब्द तर या आवारातच जन्मला. नव्या जोडप्याला चांदण्या रात्री पेट्यांच्या मधोमध निजवायचे. माशी डसली की नवरी माहेरी परत. सायलस शपथेवर सांगायचा मला, 'आम्ही दोघं इथेच निजलो, एक माशी डसली नाही, आणि माझी थर्झा पहाटेपर्यंत गात होती.'"

"खोटं!"

तो आवाज कुणाचा, हे टॅबिथाला क्षणभर उमगलं नाही.

"साफ खोटं! स्कारबरोला त्याच्या मावशीकडे होतो आम्ही, माळ्यावर, मांजरीच्या बाळंतपणात! चांदणं कुठलं, छप्पर गळत होतं! आणि मी गात होते? मी? जन्मात कधी गायलेय? चंद्र कलेकलेने उतरतो तशी नव्या नवलाईची गोडी उतरते म्हणून हनिमून, हे त्यानेच सांगितलं होतं मला, त्याच माळ्यावर! थापाड्या मेला! सायलस मेलाय, माझा नवरा मेलाय, म्हणून आता त्याच्या तोंडी काहीही घालशील होय रे?"

टॅबिथाने पेट्यांकडे पाहिलं आणि फाटकाकडे हात केला, "उचला आता, माश्यांनी ऐकलं."