हिराचे पैकीच्या पैकी

या, बसा. चहा टाकलाय, उकळेपर्यंत एक गोष्ट ऐका. गोष्ट बिबवेवाडीतली आहे, पण ती तुमच्या घरातली निघाली तर मला बोल लावू नका. ऐकताना कुणी उगाच खाकरायचं नाही, मोबाईलात डोकं घालायचं नाही, आणि बायकांना "तुम्ही आत जा" म्हणायचं नाही. गोष्ट त्यांचीच आहे. लहान पोरं तेवढी खेळायला पाठवा.

तर, बिबवेवाडीत एका दवाखान्याच्या वर एक छोटं ऑफिस होतं. काम काय, तर वस्तू तपासायच्या. मिक्सर, इस्त्री, हीटर, केस वाळवायचं मशीन, जे काही ऑनलाइन दुकानात विकायला येतं ते ही माणसं आधी घरी न्यायची, वापरायची आणि दहापैकी मार्क द्यायची. ते मार्क वाचून लोक खरेदी करायचे. ऑफिसचा नियम एकच. वापरल्याशिवाय मार्क नाही.

हिरा तिथली सगळ्यात खडूस. पंचेचाळिशीची बाई, बारीक चणीची, बोलायला कमी. मिक्सर आला की हिरा त्यात पहिल्यांदा सुकं खोबरं घालायची. "पुदिना काय, कुणीपण वाटतंय," म्हणायची. एकदा एका मिक्सरवाल्याचा माणूस पेढे घेऊन आला.

"मॅडम, दहापैकी सातच?"

"झाकण नीट बसत नाही तुमचं. दोन मार्क मी दयेनं दिलेत. पेढे घेऊन जा, नाहीतर तेही काढून घेईन."

अशी बाई. लोक म्हणायचे, हिरा मॅडमनं आठ दिले म्हणजे डोळे मिटून घ्या. दहा तिनं कधीच कुणाला दिले नव्हते.

आता घरची हिरा बघा. नवरा राजरत्न, बसच्या डेपोत मेकॅनिक. माणूस सरळ. दारू नाही, हात उगारणं नाही. संध्याकाळी आला की विचारायचा, "बरी आहेस ना?"

"ठीक."

"डोकं दुखत होतं ना सकाळी?"

"ठीक आहे आता."

झालं. तो टीव्ही लावायचा, ती कणीक मळायची. बाहेर झाकणाचे मार्क कापणारी बाई, घरात सगळ्याला ठीक.

आणि खरं सांगू का, ती ठीक नव्हती. आई गेली तेव्हा हिराचं रडू थांबेना, जेवण जाईना. डॉक्टरांनी उदासीची गोळी दिली. गोळीनं काम केलं. रडू थांबलं. पण मंडळी, हळूहळू हसूपण थांबलं. मुलगी शिकायला बंगळूरला गेली, स्टेशनवर बाप-पोरगी दोघं रडली, ही नळावर जाऊन पाण्याची बाटली भरून आली. अंगावर कायम एक जाड गोधडी असल्यासारखं. नवरा जवळ आला की ही वर पंख्याकडे बघायची. पंख्यावर धूळ बसलीय, रविवारी पुसायला हवा, एवढंच मनात. तसं पहिल्यापासूनही फार काही कळलं नव्हतं तिला त्यातलं. पण आता तर काहीच नाही.

अशात एक दिवस ऑफिसात खोकं आलं. काळं, जाड, आतून मखमल. ऑफिसचा मालक अभिनव, पोरगा तिशीचा. खोकं उघडून त्यानं आतला कागद वाचला आणि त्याचे कान लाल झाले. खोकं त्यानं तसंच नेऊन नसीमबानूंच्या टेबलावर ठेवलं.

"आपा, हे जरा... वेलनेसचं आहे. बायकांचं. आपण बघून घ्या." आणि पळाला.

नसीमबानू ऑफिसात सगळ्यांत मोठ्या. हिरासकट सगळ्यांचे मार्क त्यांच्या नजरेखालून जायचे. त्यांचे यजमान कासिम मोटार वाइंडिंगचं दुकान चालवायचे. ते गेल्यावर आपा ह्या कामाला लागल्या. चष्मा नाकावर ओढून त्यांनी कागद वाचला आणि तिथल्या बायकांना सरळ सांगितलं.

"ऐका गं. हे बाईच्या सुखाचं यंत्र आहे. किंमत वॉशिंग मशीनएवढी. कुणावर जबरदस्ती नाही. एकटीनं वापरायचं, कुणाला द्यायचं नाही, काम झाल्यावर परत विकायचं नाही. कोण घेतंय?"

पायल म्हणून सव्वीस वर्षांची पोरगी होती, ती म्हणाली, "आपा, मी पीजीत राहते. आमच्या काकू कुरिअरचा वाससुद्धा घेतात!" सगळ्या हसल्या. कुणी पुढं होईना. मग हिरानं हात पुढं केला.

"आणा इकडं. हीटर काय आणि हे काय. काम आहे."

तोंडावर रेष हलली नाही तिच्या.

आता तुम्ही म्हणाल, असलं कसलं यंत्र? सांगतो. बाईच्या शरीरात एवढीशी एक जागा असते. डॉक्टर तिला शिश्निका म्हणतात. त्या जागेला दुसरं काही काम नाही. फक्त सुख. निसर्गानं दिलेली आहे, कुणी चोरून आणलेली नाही. पण आपल्यात नाकाला नाव, नखाला नाव, आणि ह्या जागेचं नाव बाईलाच माहीत नसतं. तर त्या जागेसाठी हे यंत्र. आतून हवेच्या बारीक लहरी सोडतं, मोबाईलवरून कमी-जास्त होतं, पाण्यात पडलं तरी बिघडत नाही, असा सगळा थाट.

हिरानं ते घरी नेऊन चार्जिंगला लावलं. राजरत्ननं पाहिलं.

"स्पीकर का गं हा?"

"ऑफिसचं आहे."

"आवाज कसा आहे?"

"ठीक आहे."

रविवारी दुपारी तो डेपोत गेल्यावर हिरानं दार लावलं. सूचना वाचल्या, तसं केलं. यंत्रानं त्याचं काम केलं. हिराला काही नाही. कमी वेगावर नाही, जास्त वेगावर नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल कसा आपला राहत नाही, तसं. खालून भंगारवाला ओरडत गेला, तो मात्र स्पष्ट ऐकू आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. यंत्र धुतलं, मखमलीत ठेवलं आणि भाजी निवडायला बसली. वाईटसुद्धा वाटलं नाही, मंडळी. तेही वाटायला काही वाटावं लागतं.

सकाळी ऑफिसात जाऊन तिनं मार्क भरले. आवाज, दहा. बॅटरी, दहा. मोबाईलचं ॲप, दहा. अनुभव, दहा. खाली लिहिलं, 'उत्तम'.

थोड्या वेळानं आपांनी बोलावलं.

"हिरा, बस. तब्येत बरी आहे?"

"ठीक आहे आपा."

"ह्या ॲपनं तुझ्या मोबाईलमधले सगळे नंबर मागितले होते का?"

"मागितले. कुठं राहते तेपण मागितलं."

"आणि तू त्याला दहा दिलेस? मागच्या महिन्यात एका पंख्यानं नुसता तुझा ईमेल मागितला, तर तू म्हणालीस, ह्याला हवा घालायची आहे की चौकशी करायची आहे! आणि आज ह्याला तुझ्या आत्याचा नंबर दिला की दहा?"

हिरा हातातला पेन फिरवत राहिली.

"तू कधी कुणाला पैकीच्या पैकी दिलेत? बोल ना. झाकणाचे मार्क कापणारी बाई तू."

"चांगलंय मशीन. दिले दहा."

"तू खोटं लिहिलंयस." आपांचा आवाज चढला नाही. "का, ते मला माहीत नाही. पण हे छापून गेलं की काय होईल ते सांगते. धायरीतली नाहीतर हडपसरची कुणी बाई महिनोन्महिने साठवून हे घेईल. हिरा मॅडमनं दहा दिलेत म्हणून. आणि समजा तिला काही जाणवलं नाही. मग ती काय म्हणेल? मशीन वाईट म्हणेल? नाही. म्हणेल, हिरा मॅडमला जाणवलं, सगळ्यांना जाणवलं, मीच तेवढी बिघडलेली!"

हिराच्या हातातला पेन थांबला. ती टेबलाकडे बघत म्हणाली,

"मीच तेवढी बिघडलेली, आपा."

एवढंच. मग बारक्या आवाजात सगळं आलं. गोळी, गोधडी, छतावरचा पंखा, सगळं.

आपांनी ऐकून घेतलं. पाण्याचा ग्लास पुढं केला. मग म्हणाल्या, "इस्त्री गरम होत नसली तर तू पहिल्यांदा काय करतेस?"

"सॉकेटमध्ये वीज आहे का बघते."

"इस्त्रीला शिव्या घालतेस?"

"नाही."

"मग स्वतःला का घालतेस? गेल्या वर्षी तुझ्या पायाला मुंग्या आल्या, तर तू दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे पळालीस. पाय बधिर झाला की दवाखाना, आणि हे बधिर झालं की गप्प? ते काय दुसऱ्याचं अंग आहे?"

"कसं सांगायचं आपा? कुणी विचारलं नाही कधी."

"हेच तर आपलं दुखणं आहे!" आपांनी टेबलावर थाप मारली. "आमच्या निकाहात बाईला तीनदा विचारतात, कबूल आहे का. एका दिवसात तीनदा! आणि त्यानंतर आयुष्यभर कुणी विचारत नाही, बाई, तुला कसं वाटतंय. माझ्या कासिमनं विचारलं होतं. लग्नाला वर्ष झालं तेव्हा. दुसरीकडे तोंड करून, पक्कड हातात फिरवत विचारलं. मी लाजून हसले. पण त्या दिवसापासून तो माणूस मला नवरा वाटायला लागला. तोवर नुसता घरमालक होता."

हिरानं लिहिलेलं सगळं खोडलं. त्याच आठवड्यात ती शनिवार पेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. खुर्चीत बसून पहिल्यांदाच म्हणाली, "मला काही जाणवत नाही." डॉक्टरीणबाईंनी नाक मुरडलं नाही, हसल्या नाहीत. तपासलं, गोळ्यांची पाकिटं बघितली.

"ह्यातल्या एका गोळीनं असं होतं पुष्कळ जणींना. सांगत कुणी नाही. आपल्या मनानं बंद करू नका हं. ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना भेटा, ते बदलून देतील. पण गोळी हे एक कारण. दुसरं कारण औषधात नाही. घरी बोलता का?"

संध्याकाळी राजरत्न आला. मोरीत उभा राहून ग्रीसचे हात साबणानं घासत होता.

"काय म्हणाली डॉक्टर?"

"ठी..." हिरा थांबली. दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. "ठीक नाही."

तो नळ तसाच चालू ठेवून वळला. लग्न झाल्यापासून हा शब्द त्यानं ऐकलाच नव्हता! तिनं सगळं सांगितलं. स्पीकर स्पीकर नव्हता हेही सांगितलं. बिचारा ओल्या हातानं खालीच बसला.

"म्हणजे इतकी वर्षं मी... आणि तू पंखा बघत होतीस?"

"तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोघांचे निम्मे निम्मे मार्क कापा."

"बसचा हॉर्न बदलला तरी मी ड्रायव्हरला विचारतो, कसा वाटतोय म्हणून," तो म्हणाला. "तुला विचारायचं सुचलंच नाही मला." मग उठून नळ बंद केला.

ऑफिसात हिरानं नव्यानं लिहिलं. यंत्र बनवलंय नीट, आवाज नाही, धुवायला सोपं. मराठीत सूचना नाहीत, मार्क कापले. ॲप नको त्या चौकशा करतं, जास्त कापले. अनुभवाखाली लिहिलं, 'मला काही जाणवलं नाही. कारण मशीनमध्ये नव्हतं, माझ्या औषधात होतं. जिला असं होत असेल तिनं हे घेण्याआधी डॉक्टरला भेटावं. तुम्ही एकट्या नाही.'

अभिनव वाचून घाबरला. "मॅडम, हे असं कसं छापू? लोक काय म्हणतील?"

"मिक्सर चालला नाही की लिहिते. मी चालले नाही तेही लिहिणार. नाहीतर माझं नाव काढा."

आपांनी मागून नुसता चष्मा वर केला. अभिनवनं छापलं.

मग जादू झाली का? नाही झाली. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली. पुष्कळ दिवस सगळं तसंच बधिर. सगळ्यात आधी परत आलं ते रडू. मुलीचा फोन आला, ती सहज म्हणाली आई, तुझी चटणी संपली, आणि ही बाई फोन धरून घळाघळा रडली. सुख अजून लांबच होतं. पण राजरत्न आता टीव्ही लावायच्या आधी विचारायचा आणि उत्तरासाठी थांबायचा. एकदा तिचा हात हातात घेऊन त्यानं बोटांवरून बोट फिरवलं.

"हे कसं वाटतं?"

हिरानं पुष्कळ वेळ विचार केला. पंख्याकडे बघितलं नाही.

"चार."

"दहापैकी?"

"दहापैकी. पण खरे आहेत."

मंडळी, त्या माणसाला बढती मिळाली तेव्हा तो एवढा हसला नव्हता!

तर बोध काय? महागाचं यंत्र घ्या असं मी म्हणत नाही, घेऊ नका असंही म्हणत नाही, तुमची मर्जी. पण बाईचं सुख ही लाजेची गोष्ट नाही. ते गेलं तर ते दुखणं आहे, आणि दुखणं डॉक्टरला सांगायचं असतं. आणि घरातल्या बाईला कसं वाटतं हे न विचारणं, ही आपल्या सगळ्यांची वाईट सवय आहे, शिकलेल्यांचीही आणि माझ्यासारख्या अडाण्यांचीही.

चहा झालाय, घ्या. आणि एक मागणं आहे, तेवढं ऐका. आज घरी गेलात की तिला विचारा, तुला कसं वाटतं. ती म्हणेल, ठीक. तेवढ्यावर उठू नका. टीव्ही बंद करा आणि दुसरं उत्तर येईपर्यंत बसून राहा.