शेवट नसलेली साखळी

टेपची चाकं एकदम थांबली आणि उत्तराला कळलं, मशीन पुन्हा बसलं. समोरच्या पॅनेलवरचे दिवे लुकलुकत होते, म्हणजे आत काहीतरी चाललं होतं. पण कुणाचंच काम पुढे सरकत नव्हतं. तिने एसीच्या गारठ्यासाठी घातलेल्या स्वेटरच्या बाह्या सारख्या केल्या, मशीन बंद केलं आणि पहिल्यापासून चालू करायला घेतलं. तेवढ्यात फोन वाजू लागले. कुणाची सकाळपासूनची मेहनत वाया गेली होती, कुणाचे पगार अडकले होते. "हो, कळतंय मला," एवढंच ती प्रत्येकाला सांगत राहिली.

साल सत्त्याहत्तर. अंधेरी पूर्वेच्या त्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये मशीन एकच होतं आणि त्यावर पाच-सहा कंपन्या आपापल्या ऑफिसातल्या, तारेने जोडलेल्या टर्मिनलवरून एकाच वेळी काम करत. कंट्रोल प्रोग्राम मशीनचे असे काही वाटे करायचा, की प्रत्येक कंपनीला वाटावं, अख्खं मशीन आपलंच आहे. एकाचं बिघडलं तरी दुसऱ्याला झळ लागणार नाही, असं सेंटरने सगळ्यांना सांगितलं होतं. तो कंट्रोल प्रोग्राम सांभाळायचं काम उत्तराचं. आणि त्या आठवड्यात मशीन रोज बसत होतं.

मॅनेजर मार्तंड राजाध्यक्ष आत आले. "मुलुंडची औषध कंपनी. मशीन बसतं तेव्हा दरवेळी त्यांची ती अनुपमाच टर्मिनलवर असते. मुद्दाम करतेय ती."

"मुद्दाम कशाला करेल, सर?"

"ते मला नको विचारू. त्यांच्या साहेबांना सांगितलंय मी. त्यांनी तिला घरी बसवलंय."

त्यानंतर मशीन बसलं नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उत्तराला मात्र चैन पडेना. वाटे वेगळे असताना एकीमुळे सगळे अडकलेच कसे?

रविवारी ती पत्ता शोधत घाटकोपरला गेली. अनुपमाच्या आईने दार उघडलं, पण सेंटरचं नाव ऐकून 'या' म्हटलं नाही. अनुपमाच पुढे आली. विशी नुकतीच ओलांडलेली मुलगी, डोळे सुजलेले.

"मी काय केलं तेच मला माहीत नाही हो, ताई. टेप वाचायचा प्रोग्राम लिहीत होते, बस."

"कसा लिहिलास, ते सांग."

अनुपमाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढून दाखवलं. टेपला द्यायच्या आज्ञा एकीमागून एक, साखळीसारख्या. शेवटच्या आज्ञेत तिने 'पुन्हा पहिलीवर जा' असं लिहिलं होतं. टेप संपली की आपोआप थांबेल, असं तिला वाटलं होतं.

उत्तराने त्या शेवटच्या आज्ञेवर बोट ठेवलं.

"थांबलंही असतं. पण काम टेपपर्यंत पोचलंच नाही, बाई. आमचा कंट्रोल प्रोग्राम आधी अख्खी साखळी तपासून घेतो. शेवट सापडेपर्यंत दुसऱ्या कुणाकडे बघत नाही. तुझ्या साखळीला शेवटच नव्हता, म्हणून तो गोल गोल फिरत बसला."

"म्हणजे चूक माझीच ना?"

"तुझी चूक तुझ्यापुरती. बाकीच्या कंपन्या अडकल्या ती आमची."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांची कामं थांबवून तिने राजाध्यक्षांना मशीनपाशी बोलावलं, एका वाट्यात टेप फिरती ठेवली आणि दुसऱ्या वाट्यात तशीच साखळी स्वतः चालवली. चाकं थांबली. राजाध्यक्ष खुर्चीत बसले.

"म्हणजे कुणीही हे करू शकेल?"

"कुणीही. चुकून किंवा मुद्दाम."

"बाहेर बोलू नकोस. कळलं तर आपली वाट लागेल."

"नाही बोलत. मी ते भोक बुजवते, सर. पण त्यानंतर तरी तिच्यासाठी फोन करा."

राजाध्यक्षांनी मान हलवली. उत्तराने त्याच आठवड्यात दुरुस्ती केली. साखळी ठरावीक लांबीपुढे गेली की कंट्रोल प्रोग्रामने ती नाकारायची आणि पुढच्या कामाकडे वळायचं. परत परत चालवून पाहिलं. मशीन बसलं नाही.

काही दिवसांनी अनुपमाचा फोन आला. "कामावर घेतलंय, ताई. पण खोकी मोजायला. टर्मिनलला हात लावायचा नाही म्हणालेत."

उत्तरा तडक राजाध्यक्षांच्या केबिनमध्ये गेली. "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"तांत्रिक अडचण होती, मिटली. आणखी काय सांगणार? आमचं मशीन कच्चं होतं म्हणून? काँट्रॅक्ट जाईल, उत्तरा."

वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती जागेवर आली आणि तिने स्वतःच औषध कंपनीच्या साहेबांना फोन लावला. कसं करायचं ते सांगितलं नाही. दोष आमच्या प्रोग्रामचा होता, तो आता दुरुस्त केलाय, त्या मुलीचा काही गुन्हा नाही, एवढंच सांगितलं. ते साहेब म्हणाले, "बरं झालं सांगितलंत."

अनुपमा पुन्हा टर्मिनलवर बसली. कंपनीने काँट्रॅक्टही मोडलं नाही. राजाध्यक्षांनी मात्र उत्तराकडून कंट्रोल प्रोग्राम काढून घेतला आणि तिला नवीन मुलींना कार्ड पंचिंग, म्हणजे भोकं पाडून कार्डांवर माहिती उतरवणं, शिकवायला बसवलं.

"माझ्यामुळे झालं ना हे?" अनुपमाने फोनवर विचारलं.

"नाही गं. सांगायचं मीच ठरवलं होतं."

"वाईट वाटतंय?"

उत्तराने खरंच विचार केला. "वाटेल बहुतेक. आत्ता नुसती दमलेय."

त्या रविवारी ती जेवून आडवी झाली ती दिवेलागणीलाच उठली. तिच्या आईने तिला मध्ये हाक मारली नाही. एरवी उत्तरा करायची तो चहाही आईनेच करून आणला.