लाँड्रीवाल्यांचा पहिला नंबर

आम्ही अकरा जणांनी मिळून परीक्षेत कॉपी केली. आमच्यातला सगळ्यांत लहान परीक्षार्थी एकाहत्तर वर्षांचा होता.

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात आमची लाँड्री होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे. मी आणि माझी ताई, दोघींनी तिथं पस्तीस वर्षं काढली. निवृत्त झालो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला गाठलं. म्हातारपणी कुणाचा मेंदू लवकर थकतो, कुणाचा टिकतो, आणि थकतो त्यातलाही अमुकच कोपरा आधी का ढासळतो, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी एकाच जागी, एकच काम केलेली माणसं हवी होती. आम्ही आयतेच सापडलो. आम्ही त्यांचं नाव ठेवलं मेंदूबाई.

वर्षातून एकदा तपासणी असायची. आधी यंत्रात डोकं घालून फोटो, मग प्रश्न. बाई पाच शब्द सांगायच्या आणि पाच मिनिटांनी परत विचारायच्या. शंभरातून सात सात वजा करायला लावायच्या. अशी बारा वर्षं गेली.

यंदा मेंदूबाई म्हणाल्या, "संशोधनाचे पैसे संपत आलेत. निधीवाले साहेब बघायला येणार आहेत. पुढची पाच वर्षं मिळतील न मिळतील. आता सगळं तुमच्यावर."

त्यांना एवढंच म्हणायचं होतं की, बाबांनो, वेळेवर या. पण आमच्यातले बहुतेक शाळेची पायरी न चढलेले. ज्यानं जन्मात परीक्षा दिली नाही त्याला परीक्षेचं एकच कळतं, पास की नापास. आपण नापास झालो तर बाईंना पैसे कोण देणार?

त्याच संध्याकाळी मुकादमांनी सगळ्यांना आपल्या अंगणात बोलावलं. मुकादम म्हणजे आमचे जुने वरिष्ठ. वय ब्याऐंशी, पण आवाज अजून चाळिशीतला.

"बाईंकडे शब्दांच्या तीनच याद्या आहेत," ते म्हणाले. "आलटून पालटून विचारतात. तिन्ही माझ्याकडे आहेत."

"कुठून चोरल्या?"

"चोरल्या कशाला? दर वर्षी बाहेर आलो की सुनेला सांगायचो, ती लिहून ठेवायची. म्हणा! दोर, लिंबू, घंटा, चाक, आरसा!"

आम्ही म्हटलं. शेजारच्या घराची खिडकी उघडली आणि पुन्हा बंद झाली. मग सातांची वजाबाकी पाढ्यासारखी चालीवर बसवली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर! बहात्तरला टाळी. पंधरा दिवस असा वर्ग चालला. इतकं हसलो की माझी कवळी दोनदा बाहेर आली.

ताईचं मात्र काही पाठ होईना. खरं सांगायचं तर गेलं वर्षभर तिचं बिनसलं होतं. एकाच अभ्र्याची ती चार वेळा घडी घालायची आणि पाचव्यांदा विचारायची, "हा कुणाचा गं?" हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नापासांची नावं कापणार, असं माझ्या मनानं घेतलं होतं. ताईचं नाव कापलं तर तिची तपासणी बंद, बाईंची भेट बंद, आणि आम्हा अकरांच्या हसण्यातूनही ती बाहेर.

शेवटी मी मुकादमांना बाजूला घेतलं. ते म्हणाले, "धाकटे, आपले हात काय गंजलेत का?"

लाँड्रीत यंत्रांचा असा गदारोळ असायचा की कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. मनगट फिरवलं की ढकलगाडी आण. मूठ हलवली की जेवणाची घंटा झाली. छातीवर बोट घासलं की डाग आहे, परत धुवा. करंगळी दाखवली की मला बोलावणं. मी धाकटी ना!

तपासणीच्या खोलीला मोठी काच होती. बाईंची पाठ काचेकडे, ताईचं तोंड आमच्याकडे. सगळं जमण्यासारखं होतं.

तो दिवस उजाडला. निधीवाले साहेब किडकिडीत, पांढऱ्या सदऱ्याला कडक इस्त्री. ते कोपऱ्यात फाईल उघडून बसले. मुकादम आधी आत गेले. बाई म्हणाल्या, "शंभरातून..." आणि हे सुटले ते थेट दोनपर्यंत उतरून, बहात्तरला टाळी वाजवून, बाहेर. साहेबांचा पेन हातातच राहिला.

मग ताई. दार किलकिलं होतं, तिथून कळलं की यादी दोर-लिंबाचीच आहे. शब्द परत विचारले तशी ती काचेकडे बघू लागली. मी हवेत वाळत घालायचा दोर ओढला. मुकादमांनी लिंबासाठी तोंड असं आंबट केलं की जाणारी नर्स थांबून म्हणाली, "आजोबा, छातीत दुखतंय का?"

"पुढं जा गं बाई, पेपर चालू आहे!"

घंटा, चाक झालं. आरशासाठी मी केस विंचरल्यासारखं केलं. ताईनं पाचही शब्द बरोब्बर सांगितले. आम्ही बाकावर एकमेकांचे हात दाबले. पहिला नंबर!

तेवढ्यात त्याच किलकिल्या दारातून साहेबांचा आवाज आला. "डॉक्टर, बारा वर्षांत या लोकांचे गुण वाढतच चाललेत. यांना काही होतच नाही! मग मेंदूच्या दुबळेपणावर संशोधन कशाचं करणार? हा निधी गरज असलेल्यांना देऊ द्या." आणि फाईल मिटल्याचा आवाज.

मेंदूबाईंचा चेहरा मला काचेतून दिसला. धुवून पिळलेल्या कापडासारखा.

माझे पाय आपोआप आत गेले. "साहेब, थांबा. आम्ही पेपर फोडलाय. माझ्या ताईला काहीच आठवत नाही. मी बाहेरून दाखवत होते. तिचं नाव कापायचं तर कापा, पण बाईंची फाईल मिटू नका."

बाई ताईजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही सांगा. कोणते शब्द होते?"

ताईनं तोंड उघडलं, मिटलं. माझ्याकडे बघितलं. मग तिनं डावा तळहात उजव्या मुठीत घट्ट धरून दोनदा खाली ओढला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"इस्त्रीच्या रोलरमध्ये हात अडकलाय, यंत्र बंद करा," मी म्हटलं. "फार वर्षं वापरलं नव्हतं हे."

बाई ताठ उभ्या राहिल्या. "पाच शब्द नाहीत, आणि हे आहे? अजून काय काय येतं त्यांना?"

मुकादम दारातच होते. त्यांनी हात उचलले आणि भराभर विचारलं, दुसऱ्या मजल्याच्या चादरी किती, फाटक्या किती, गाडी कुठं? ताईचे हात त्यांच्याहून वेगानं उत्तर देऊ लागले. चाळीस, तीन फाटक्या, गाडी दाराशी, आणि तुम्ही मधून बाजूला व्हा. मुकादम खरंच बाजूला झाले! आम्ही काचेबाहेरचे सगळे आत घुसलो आणि खोलीत हातांची अशी गर्दी उडाली की हसावं की लिहावं ते मेंदूबाईंनाच कळेना.

"साहेब, मी हेच विचारतेय," त्या म्हणाल्या. "काय आधी जातं, काय मागं राहतं, आणि का. मी विसरण्यावर काम करते, म्हणून ही माणसं याद्याही विसरतील असं धरून बसले! चूक माझी. नव्या याद्या आणि पाच वर्षं द्या."

साहेबांनी फाईल पुन्हा उघडली. तेवढ्यात ताईनं त्यांच्याकडे बघून छातीवर बोट घासलं.

"आता काय म्हणाल्या?"

"तुमच्या सदऱ्यावर डाग आहे," मी म्हटलं. "परत धुवायला टाका."

साहेबांनी खाली बघितलं. खिशाखाली शाईचा ठिपका होता. ते इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली.

पत्र दोन महिन्यांनी आलं. पाच वर्षं मिळाली. कुणाचंच नाव कापलं नाही. बाई म्हणाल्या की या परीक्षेत नापास होणाऱ्यांचीच त्यांना जास्त गरज असते. हे ऐकून मुकादम आठवडाभर रुसले होते. आता याद्या दर वर्षी नव्या असतात, आणि मुकादम दर वर्षी नव्यानं चिडतात.

ताईला माझं नाव हल्ली कधी आठवतं, कधी नाही. सकाळी मी चहा घेऊन गेले की ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहते. मग करंगळी वर करते. मी छातीवर बोट घासते. ती आपल्या पदराकडे बघते, डाग शोधते, सापडत नाही, आणि मला चापट मारते.